साडेचौदा हजार पगारात टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हॉर्मोन) चालू ठेवायचंय, विमा एक रुपया देत नाही. सोलापुरात तुम्ही कसं जमवताय?

पूर्वभागातला_पोरगा

नमस्कार सगळ्यांना. पहिल्यांदाच लिहायलोय इथं, जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

मी ट्रान्स मॅन, म्हणजे जन्माची नोंद मुलगी पण आहे मी पोरगाच, वय 24. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात टॅली आणि डिस्पॅचचं बघतो, हातात साडेचौदा हजार येतात. घरी आई, मोठी बहीण आणि तिची तीन वर्षांची पोरगी. आई विड्या वळते. घरात बहिणीला सगळं माहितीये, आईला अर्धं माहितीये आणि अर्धं तिनं विचारलेलं नाही.

चार महिने झाले टेस्टोस्टेरॉन चालू आहे. पुण्याला एका एंडोक्रायनोलॉजिस्टकडे, हॉर्मोनच्या डॉक्टरकडे, जातो. डॉक्टर चांगले आहेत, पहिल्या दिवशी विचारलं की तुला कुठल्या नावानं हाक मारू, आणि तेच नाव कागदावर वर लिहिलं. तो कागद मी अजून जपून ठेवलाय. मला सुईची भीती आणि सोलापुरात टोचून देणारं ओळखीचं कोणी नाही असं सांगितल्यावर त्यांनी जेल दिलं, रोज सकाळी एक पुडी खांद्याला. आवाज थोडा जड झालाय, फोनवर पार्टी आता "साहेब" म्हणते, ते ऐकायला जे वाटतं ते मी इथं लिहू शकत नाही.

पण पैसा. पुड्यांचे महिन्याला एकवीसशे. तीन महिन्यांनी पुण्याची फेरी, फी हजार, जाण्यायेण्याचं आणि खाण्याचं मिळून सातशे, एक दिवसाचा पगार कापला जातो साडेपाचशे, आणि लॅबचे बावीसशे. गेल्या महिन्यात बहिणीकडून पैसे घेतले आणि तिनं ते पोरीच्या बालवाडीच्या फीतून काढून दिले हे मला नंतर कळलं.

विम्यातून होईल म्हणून मी अठरा दिवसांपूर्वी 6,800 रुपये भरून पाच लाखाची पॉलिसी काढली. एजंट म्हणाला सगळं कव्हर आहे. मी त्याला नेमकं कशासाठी ते सांगितलं नव्हतं, सांगायची छाती झाली नाही. मग रात्री पांघरुणात मोबाईलवर पॉलिसीचा कागद मोठा करून वाचत बसलो तर एका ठिकाणी लिहिलंय की शरीराची लक्षणं विरुद्ध लिंगाची करण्यासाठीचा कुठलाही उपचार, सर्जरीसकट, मिळणार नाही. दोनदा वाचलं. म्हणजे आमचं नाव घेऊन आम्हाला बाहेर ठेवलंय.

आता विचारायचं असं की पुडी एक दिवसाआड लावली किंवा अर्धी अर्धी लावली तर चालतं का? टेस्ट टाळल्या तर चालतं का? का सरळ चार सहा महिने बंद करून पैसे साठवून परत चालू करू? कोणी केलं असेल तर खरं काय झालं ते सांगा.

जुळे_सोलापूर_31

भावा, आधी एक सांग, तुझी भाची तुझ्याजवळ झोपते का?

हे पैशाच्या आधी विचारायलोय कारण जेल खांद्याला लावलेलं असतं आणि लहान पोर अंगाला चिकटलं की ते तिच्या कातडीला लागतं. असं रोज होत राहिलं तर लहान मुलांच्या शरीरात वेळेआधी बदल दिसतात, हे डॉक्टरांना नीट माहिती असलेलं आहे, पुडीच्या कागदावरही लिहिलेलं असतं. लावल्यावर हात साबणानं धुवायचे, वाळू द्यायचं, वरून बाह्यांचा शर्ट, आणि तिला उचलून घ्यायच्या आधी ती जागा धुवायची. एका खोलीच्या घरात हे रोज सांभाळणं किती अवघड आहे मला माहितीये, आम्ही पण सहाजण एकाच खोलीत वाढलो.

म्हणून माझं मत असं की तुझ्यासाठी जेल दोन्हीकडून चुकीचं आहे. पंधरा दिवसांनी घ्यायचं टेस्टोस्टेरॉन एनान्थेटचं इंजेक्शन मला साडेतीनशेच्या आसपास मिळतं. वर्षाची 26 म्हणजे 9,100. टोचायचे फॅमिली डॉक्टर पन्नास घेतात, ते 1,300. दोन्ही मिळून 10,400. तुझ्या पुड्या वर्षाला 25,200 च्या होतात. तीन महिन्यांनी एकदा घ्यायचं मोठं इंजेक्शन पण असतं, ते एकेक तीन हजारावर जातं पण चकरा वाचतात, ज्याची सुट्टी महाग त्याला ते परवडतं. तुला कुठलं आणि किती हे डॉक्टरच ठरवणार, पण त्यांना हे तेव्हाच ठरवता येईल जेव्हा तू तोंड उघडून "सर, मला एकवीसशे झेपत नाहीत" म्हणशील. आपण पैशाचं सोडून सगळं सांगतो डॉक्टरला. मी दीड वर्ष सांगितलं नव्हतं.

सुईचं म्हणशील तर मी पण घाबरायचो. औषध तेलातलं असतं, पिवळसर आणि घट्ट. अँप्युल फोडायच्या आधी दोन मिनिटं मुठीत धरून कोमट करायचं, मग ते सुईतून नीट सरकतं आणि दुखणं निम्मं होतं. कंपाउंडरला सांगायचं सावकाश ढकला. आता मी टोचून घेता घेता त्याच्याशी पावसापाण्याचं बोलतो.

दिवसाआड, अर्धी पुडी असलं मनानं करू नको. लेव्हल खालीवर होते, चिडचिड होते, झोप जाते, आणि कमी पडलं की पाळी परत येते. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये माझं दोन महिने बंद पडलं होतं आणि सातव्या आठवड्यात आली. त्या दिवशी मी दुकान उघडलं नाही. बंद ठेवून परत चालू करण्यात पैसे पण वाचत नाहीत, परत पहिल्यापासून सगळ्या टेस्ट होतात. शरीराला कायमचं काही होईल म्हणून घाबरू नको, एखादा डोस उशिरा झाला तर आभाळ कोसळत नाही, पण ठरवून बंद करायचं असेल तर डॉक्टरांना सांगून.

टेस्टचं: पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, मग सगळं जागेवर असेल तर वर्षातून एक दोनदा, अशी पद्धत आहे. म्हणजे हा खर्च पुढं कमी होणार आहे. एक टेस्ट मात्र कधीच सोडू नको, सीबीसी, रक्तातल्या पेशी मोजायची. टेस्टोस्टेरॉननं रक्त घट्ट होतं, हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, वर चढतं, आणि ते आपल्याला जाणवत नाही.

कागदपत्रं_करून_देतो

पॉलिसीचं मी सांगतो, माझं रोजचं काम हेच आहे.

तुम्ही वाचलं ते बरोबर वाचलं. सप्टेंबर 2019 मध्ये विमा नियामकानं म्हणजे आयआरडीएआयनं हेल्थ पॉलिसीत काय वगळायचं त्याची भाषा सगळ्या कंपन्यांना एकसारखी करून दिली, त्यात सात नंबरला हे कलम आहे, कागदावर "एक्सीएल 07" असं दिसेल. दुसरी भिंत त्याच्या मागं आहे. साधी पॉलिसी अॅडमिट झाल्यावरच पैसे देते, ओपीडीतल्या गोळ्या, इंजेक्शनं, फी यांना देतच नाही. म्हणजे ते कलम उद्या निघालं तरी तुमच्या महिन्याच्या औषधाला त्यातून काही मिळालं नसतं. म्हणून एजंटवर चिडून उपयोग नाही, पण पैसे परत मागून उपयोग आहे. पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवस फ्री लूक असतं, आवडली नाही म्हणून परत करता येते. किरकोळ कापून बाकी परत येतात. तुमचे अठरा दिवस झालेत, उद्याच्या उद्या लेखी अर्ज ईमेल करा आणि पोच ठेवा.

पण त्याआधी सांगा, पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापतात का? 21,000 पर्यंत पगार असला आणि कारखाना त्यात बसत असला तर कापायलाच पाहिजे. असेल तर तुमचं आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्या आईचं अॅडमिट व्हायचं दुखणं तिथं भागतं, मग ही पॉलिसी परत करायला जीव घाबरायचं कारण नाही. नसेल तर ठेवा, हॉर्मोनला नाही तरी डेंग्यूला लागेल.

सरकारी बाजू पण लिहून ठेवतो कारण दर वेळी कोणीतरी विचारतं. ट्रान्स व्यक्तींच्या हक्कांचा 2019 चा कायदा आहे, त्याच्या कलम 15 मध्ये सरळ लिहिलंय की सर्जरी आणि हॉर्मोन थेरपीचा खर्च भागवणारी विमा योजना सरकारनं करावी. ऑगस्ट 2022 मध्ये आयुष्मान भारतमधून ट्रान्स व्यक्तींना वर्षाला पाच लाखाचं कव्हर देण्याचा करार झाला, त्याचं नाव टीजी प्लस, त्याला राष्ट्रीय पोर्टलवरचं ओळखपत्र लागतं. माझं ओळखपत्र 2023 चं आहे. ते घेऊन मी एका हॉस्पिटलच्या काउंटरवर गेलो तर त्यांनी तीन जणांना फोन लावले आणि शेवटी म्हणाले पुढच्या महिन्यात या. मी चार वेळा गेलोय. आपल्या हक्काचं आहे, मागत राहणार, पण तुम्ही पुढच्या महिन्याचं औषध त्याच्या भरवशावर ठेवू नका. महात्मा फुले योजनेचं पण तसंच, ती अॅडमिट होऊन करायच्या उपचारांची आहे, महिन्याच्या औषधाची नाही.

पूर्वभागातला_पोरगा

होय की, ईएसआय कापतात, 109 रुपये. कार्ड कधी वापरलंच नाही कारण त्यावर जुनं नाव आहे आणि जुना फोटो, लांब केसांचा. काउंटरवर ते नाव मोठ्यानं पुकारतील आणि मी उभा राहीन, एवढ्यासाठी जात नाही.

भाची माझ्याच कुशीत झोपते. वाचून पोटात गोळा आला. काल रात्रीपासून तिला बहिणीकडं झोपवतोय, ती रडायलीय की मामा का रागवला.

जुळे_सोलापूर_31

रागवला नाही म्हणून सांग तिला. हात धुणं, शर्ट घालणं आजपासून कर आणि या आठवड्यात डॉक्टरांना फोन लाव. व्हिडिओवर बोलतात का विचार, मार्च 2020 पासून टेलिमेडिसिनचे नियमच आहेत, व्हिडिओवर बघून लिहिलेलं प्रिस्क्रिप्शन चालतं. पुण्याची फेरी वर्षातून एकदा, बाकी मोबाईलवर. तेवढ्यानंच माझे हजारो वाचलेत.

कार्डाचं म्हणशील तर मी असंच केलं होतं, ओपीडीत आत गेल्यावर डॉक्टरला हळू सांगितलं. साधं सीबीसी, लिव्हर, लिपिड तिथं होतं. रक्ताच्या बाटलीवर जुनं नाव असलं तरी आतलं रक्त तुझंच. फक्त टेस्टोस्टेरॉनची लेव्हल बाहेर कर आणि ती इंजेक्शननंतर नेमकी कुठल्या दिवशी द्यायची हे डॉक्टरांना विचारून दे, मनानं कधीही दिली तर आकड्याचा अर्थ नीट लागत नाही आणि तुझे पाचशे सहाशे वाया जातात.

अक्का_लष्कर

बाळा तुझं वाचलं आणि राहवलं नाही, मला टाइप करायला वेळ लागतो पण सांगते.

आमच्या वेळी डॉक्टर वगैरे कोण होतं. 2008 चं साल असेल, मी एकोणीस वर्षांची, गुरूच्या घरी आले तेव्हा मोठ्यांनी सांगितलं माला-डी खा, ती कुटुंब नियोजनाची गोळी. मेडिकलला दोन चार रुपयाला पाकीट. बायका एक खातात, आम्ही तीन तीन, चार चार खायचो, लवकर व्हावं म्हणून. छाती आली, कातडी मऊ झाली, आरशात बघून मी नाचले होते. कोणी तपासणी कर म्हणलं नाही आणि म्हणलं असतं तरी कुठं केली असती.

तीन वर्षांनी मुंबईहून रातराणीनं आले, सकाळी एसटी स्टँडवर उतरले तर डावी पोटरी टम्म. चप्पलचा पट्टा बसेना. मला वाटलं बसून बसून सुजली. दोन दिवस तेल लावून चोळली, चोळायची नसते हे नंतर कळलं. तिसऱ्या दिवशी पाय तांबडा गरम. पहिल्या दवाखान्यात माझा अवतार बघून हात लावला नाही, बाहेर बाकावर बसवून ठेवलं चार तास. दुसऱ्या ठिकाणी एका तरुण डॉक्टरीणबाईनं पाय बघितल्या बघितल्या डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, करायला पाठवलं. शिरेत रक्ताची गाठ. ती वर फुप्फुसात गेली असती तर मी आज हे लिहीत नसते. तिनंच समजावून सांगितलं की कुटुंब नियोजनाच्या गोळीतलं इस्ट्रोजेन वेगळं असतं, इथिनाइल इस्ट्राडायोल, त्यानं गाठी व्हायचा धोका जास्त, म्हणून बाईचं शरीर व्हायच्या उपचारात आता ते देत नाहीत. सहा महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या, पोटात सुया, सोन्याची दोन टॉप्स आणि पैंजण गेले. चार रुपयाचं पाकीट मला चाळीस हजाराच्या पुढं पडलं.

आता माझं नीट चालू आहे. बाकीच्या पोरींना डॉक्टर इस्ट्राडायोल व्हॅलेरेटच्या गोळ्या आणि पुरुषी हॉर्मोन दाबणारी स्पायरोनोलॅक्टोन देतात, ते त्यातल्या त्यात स्वस्त, स्पायरोनोलॅक्टोनवर पोटॅशियम बघावं लागतं एवढंच. मला गाठ होऊन गेली म्हणून गोळी नाही, कातडीला लावायचं जेलच, ते महाग. म्हणजे बघ, तुझ्यासाठी जेल सोडणं बरोबर आणि माझ्यासाठी जेल धरून ठेवणं बरोबर. शेजारणीचं स्वस्त पडतंय म्हणून तिचं औषध खायचं नाही. आणि माझं ऑपरेशन झालंय, शरीर स्वतःहून आता काही बनवत नाही, मी बंद केलं तर हाडं ठिसूळ होतात. मला बंद करायची सोयच नाही. तुला आहे, पण तू करू नको.

पैशाचं कसं जमवते तर आमची भिशी आहे. दहा जणं, महिन्याला पाचशे, पाच हजार होतात. चिठ्ठी टाकत नाही. ज्याची त्या महिन्यात तपासणी किंवा फेरी असेल त्याला देतो, वहीत लिहितो. सहा वर्षं झाली एकानं पण बुडवलं नाही. दोघी नांदेडला गेल्या त्या तिथून पाठवतात. त्यातली एक जागा आत्ताच रिकामी झालीय. तुला पाहिजे असेल तर ये.

मेडिकल_काउंटर

मी मेडिकलवर असतो, दुकानाचं नाव सांगत नाही. थोडं माझ्या बाजूचं.

इंजेक्शन प्रिस्क्रिप्शनवरच घ्या आणि पक्कं बिल घ्या. जिममध्ये जी वायल फिरतात, "भाऊ इंपोर्टेड आहे, बिल नको म्हणून स्वस्त", ती स्वस्त असली तरी हात लावू नका. लेबल इंग्रजीत झकास असतं, आत काय आहे हे विकणाऱ्यालाही माहिती नसतं. एका पोराला कमरेत एवढा फोड आला होता की चिरून पू काढावा लागला. बिलावर बॅच नंबर येतो, काही झालं तर धरायला जागा असते.

आमच्याकडं हे इंजेक्शन रोज खपत नाही म्हणून बऱ्याच वेळा शिल्लक नसतं. आठ दिवस आधी सांगून ठेवलं तर होलसेलवरून येतं आणि दोन तीन एकदम घेतले तर आम्ही एमआरपीवर काही टक्के सोडतो, मागा, लाजू नका. डॉक्टरला कंपनीच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नाव पण लिहायला सांगा, म्हणजे एक नसलं तर दुसरं देता येतं.

याला फ्रिज लागत नाही, पण 30 डिग्रीच्या आत ठेवायचं असतं आणि आपल्याकडं मे महिन्यात 43-44 होतं, पत्र्याच्या घरात त्याहून जास्त. खिडकीत किंवा पत्र्याखालच्या फळीवर ठेवू नका. माठाजवळच्या खालच्या कप्प्यात, डब्यात. जेलमध्ये अल्कोहोल असतं, ते लावून लगेच गॅसजवळ जायचं नाही.

आणि "कोणासाठी आहे" असं मी विचारत नाही. विचारणारे असतात. ज्या दुकानात विचारतील तिथं परत जाऊ नका.

पूर्वभागातला_पोरगा

माझ्या घराजवळ कन्ना चौकातल्या मेडिकलमध्ये आईला ओळखतात म्हणून मी सात रस्त्यापर्यंत चालत जातो, तुमचं शेवटचं वाक्य वाचून बरं वाटलं.

पूर्वभागातला_पोरगा

तीन आठवड्यांनी लिहायलोय, सगळ्यांना सांगायचं होतं.

पॉलिसी परत केली, 6,410 आले खात्यात. त्यातले दोन हजार आधी बहिणीला दिले, घेत नव्हती, पोरीच्या दप्तरात ठेवून आलो.

डॉक्टरांशी व्हिडिओवर बोललो. पैशाचं सांगायच्या आधी दहा मिनिटं इकडचंतिकडचं बोललो, मग सांगितलं, भाचीचं पण सांगितलं. ते म्हणाले हे पहिल्याच दिवशी सांगायचं होतंस. म्हणाले सीबीसी करून पाठव मग बदलू. ईएसआयला गेलो. नाव पुकारलं. मी उठलो, दोन बायकांनी वळून बघितलं, मग परत आपापल्या कामाला लागल्या. रक्त घेणाऱ्या सिस्टरनं कार्डाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली मूठ आवळ. रिपोर्ट नॉर्मल आला.

शनिवारी पहिलं इंजेक्शन झालं, आमच्या गल्लीबाहेरच्या डॉक्टरांकडं, त्यांचा कंपाउंडर आईच्या ओळखीचा निघाला. मुठीत धरून नेलं होतं, कोमट होतं. बसताना दुखतंय अजून पण भीती होती तेवढं काहीच नाही. घरी आलो तर आईनं विचारलं कसली सुई. मी म्हटलं डॉक्टरांनी दिलीय, कायमची आहे. तिनं विडीचं सूप बाजूला केलं आणि विचारलं, महिन्याला किती लागतात. मी सांगितलं. ती म्हणाली आधीच बोलला असतास तर, आणि पुढं काही नाही म्हणाली, पण "बोलला असतास" म्हणाली.

भाची काल रात्री परत कुशीत येऊन झोपली.

अक्का, भिशीत मला घ्या. रविवारी मला सुट्टी असते, पाचशे रुपये कुठं आणून देऊ आणि वहीत नाव माझं हेच लिहाल ना?

अक्का_लष्कर

हेच लिहिलंय. दहावा नंबर तुझा. रविवारी अकरा वाजता ये, जेवूनच जायचं.